अन्ननलिकेतून हृदयदर्शन : भय किती आणि सावधगिरी कोणती

(आपल्या ज्ञातिसंघाच्या वार्षिक संमेलनात श्रीक्षेत्र गणपतीपुळे येथे केलेले भाषण)



आपल्या संमेलनात यापूर्वी दोनतीन वेळा मी बोलण्यास उभा राहिलो आहे. दरवेळी विषय शाळेचा असे; गुणवंत विद्यार्थ्यांचे कौतुक करावे, पालकांना चार शब्द सुनवावेत आणि खाली बसावे, एवढेच माझे काम. यंदा मात्र कार्यवाहांनी मला पेचात टाकले. ते म्हणाले, "गुरुजी, तुमच्या घरी ती गळ्यातून हृदयाची तपासणी झाली ना, तिच्याविषयी बोला." मी म्हटले, "अहो, मी जुन्या अकरावीचा मॅट्रिक. वैद्यकावर मी काय बोलणार?" तेव्हा त्यांनी जे सांगितले त्यापुढे मला नाही म्हणता आले नाही. गेल्या वर्षभरात आपल्या ज्ञातीतील दोन घरी हीच तपासणी ठरली आणि दोन्ही घरी ती केवळ भीतीने रद्द झाली. एक गृहस्थ तर रुग्णालयाच्या दारापर्यंत जाऊन परत फिरले. ही भीती मी स्वतः भोगलेली आहे, आणि तिच्यापायी माझ्या हातून एक मोठी चूकही झाली आहे. म्हणून डॉक्टरांच्या वतीने नव्हे, एका चुकलेल्या यजमानाच्या नात्याने मी बोलणार आहे.

आमच्या घरच्या दुखण्याची पहिली खूण याच गावी मिळाली. येथील श्रींची प्रदक्षिणा देवळाभोवती घालीत नाहीत, सबंध डोंगराला घालतात, हे आपणांस ठाऊक आहेच. २०१७ सालच्या पावसाळ्यानंतर आम्ही उभयता दर्शनास आलो असता अर्ध्या वाटेवर माझी पत्नी एका दगडावर बसली. श्वास पुरेना, छातीत धडधड होऊ लागली. त्याआधी तीनचार वर्षे जिना चढताना तिला दम लागत असे. वयोमानाने असेल म्हणून आम्ही तिकडे काणाडोळा केला होता. रत्नागिरीस छातीवरून इको काढला. तेव्हा कळले की हृदयाच्या डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधील द्विदल झडप, जिला डॉक्टर मायट्रल व्हॉल्व्ह म्हणतात, ती आकसून अरुंद झाली आहे आणि नाडीचा ठेका बिघडला आहे.

हे दुखणे म्हातारपणाचे नाही. त्याचे मूळ बहुधा बालपणी असते. लहानपणी घसा सुजून येतो, पुढे दोनतीन आठवड्यांनी ताप येऊन सांधे धरतात, आणि ते बरे झाले की सर्व विसरतात. परंतु त्या तापाने हृदयाच्या झडपा सुजलेल्या असतात आणि पुढे वीसतीस वर्षे त्या हळूहळू जाड आणि चिकट होत जातात. अशा मुलांना दर तीन आठवड्यांनी पेनिसिलिनचे इंजेक्शन वर्षानुवर्षे द्यावे लागते. त्याने नवा हल्ला टळतो. आमच्या पत्नीस आठनऊ वर्षांची असताना असा सांध्यांचा ताप आला होता, असे तिच्या थोरल्या बहिणीने नंतर सांगितले. त्या काळी खेड्यात पेनिसिलिन कोण देणार? आज शाळेत जाणाऱ्या मुलांच्या आईबापांनी मात्र घसा आणि सांधे यांचा हा संबंध ध्यानात ठेवावा. असो, हा विषय निराळा आहे.

मुंबईच्या डॉक्टरांनी सांगितले की झडप फुग्याने रुंद करता येईल. जपानच्या इनोवे नावाच्या शल्यविशारदांनी १९८४ साली प्रसिद्ध केलेली ही रीत. मांडीतील शिरेतून बारीक नळी हृदयापर्यंत नेऊन तिच्या टोकावरील फुगा झडपेत फुगवावयाचा. छाती उघडावी लागत नाही. पण तत्पूर्वी अन्ननलिकेतून इको काढला पाहिजे, असे ते म्हणाले. टी.ई.ई. हे त्याचे त्यांच्या तोंडचे नाव. ते नाव ऐकले मात्र, आमच्या घरात चर्चेला तोंड फुटले. कोणी म्हणे नळी फाटते, कोणी म्हणे जीव गुदमरतो. एका पाहुण्याने तर त्यांच्या शेजाऱ्याच्या मेहुण्याचा आवाज कायमचा गेल्याचे सांगितले. त्या मेहुण्याची चौकशी मी पुढे केली. त्यांची तपासणी जठराच्या दुर्बिणीची होती आणि आवाज त्यापूर्वीच बसलेला होता. परंतु हे कळेपर्यंत मार्गशीर्षातली तपासणी आम्ही चैत्रापर्यंत लांबवली होती.

त्या चार महिन्यांत मी जे वाचले आणि डॉक्टरांना विचारले त्याचा सारांश शिक्षकाच्या पद्धतीने सांगतो.

आपल्या किनाऱ्यावरील यांत्रिक होड्यांवर अलीकडे फिश फाइंडर नावाचे यंत्र असते. पूर्वी शिशाचे वजन दोरीला बांधून पाणी किती वाव आहे ते मोजीत. आता होडीच्या बुडाशी बसवलेले यंत्र पाण्यात ध्वनी सोडते, तो तळावरून वा माशांच्या थव्यावरून परत येतो, आणि त्यास किती वेळ लागला यावरून खोली पडद्यावर उमटते. इको म्हणजे प्रतिध्वनी. हृदयाचा इको हीच युक्ती. शरीराच्या मऊ भागातून ध्वनी सेकंदाला सुमारे १,५४० मीटर जातो, समुद्राच्या पाण्यातही जवळजवळ तितकाच. फरक एवढाच की हा ध्वनी कानाला ऐकू येत नाही. आपला कान सेकंदाला वीस हजार कंपनांपर्यंतचा ध्वनी ऐकतो. अन्ननलिकेतून सोडतात तो पन्नास ते सत्तर लाख कंपनांचा असतो. यात क्ष-किरण नाहीत. ज्या ध्वनीने मातेच्या उदरातील बाळ पाहतात, तोच हा.

या विद्येचा जन्मही समुद्राच्या शेजारीच झाला, हे वाचून मला मौज वाटली. स्वीडनमधील लुंड येथे एडलर नावाचे डॉक्टर आणि हर्ट्झ नावाचे पदार्थवैज्ञानिक होते. माल्मो बंदरातील जहाजे बांधण्याच्या कारखान्यात धातूतील भेगा शोधण्यासाठी जे ध्वनियंत्र वापरीत, तसले यंत्र त्यांनी उसने आणले आणि २९ ऑक्टोबर १९५३ रोजी त्याने हृदयाच्या हालचाली टिपल्या. हे हर्ट्झ म्हणजे नोबेल पारितोषिक मिळवलेल्या गुस्टाव्ह हर्ट्झ यांचे चिरंजीव; आणि विद्युतलहरींचा शोध लावणारे हाइनरिख हर्ट्झ हे गुस्टाव्ह यांचे चुलते. एडलर यांना हे यंत्र हवे होते ते कशासाठी? आकसलेली द्विदल झडप शस्त्रक्रियेपूर्वी नीट ओळखता यावी म्हणून! आमच्या घरचेच दुखणे.

मग छातीवरून दिसत असता गळ्यात उतरण्याचे कारण काय? छातीवरून पाहताना मध्ये बरगड्या आणि फुप्फुसातील हवा येते. हवेतून हा ध्वनी पुढे जात नाही. शिवाय हृदयाची डावी कर्णिका सर्वांत मागे असते, आणि तिला कानाच्या पाळीसारखा एक लहानसा खिसा असतो, तो छातीवरून बहुधा दिसतच नाही. आपल्या डोंगराची मागची बाजू देवळाच्या सभामंडपातून दिसत नाही, तसेच हे. अन्ननलिका मात्र या कर्णिकेच्या अगदी पाठीशी टेकून खाली जाते. दोहोंमध्ये अंतर केवळ काही मिलिमीटरांचे. तेथून पाहिले की तो खिसा स्पष्ट दिसतो. झडप आकसली आणि नाडीचा ठेका बिघडला की रक्त साचते आणि गोठते ते नेमके तेथेच. अशी गुठळी आत असताना फुग्याची नळी कर्णिकेत गेली तर गुठळी सुटून मेंदूकडे जाण्याचा संभव असतो, आणि मग अर्धांगवायू. बिघडलेली नाडी विजेच्या झटक्याने ताळ्यावर आणावयाची असेल, बसवलेली कृत्रिम झडप नीट चालत नसेल, झडपेवर जंतूंचा संसर्ग झाल्याची शंका असेल, तेव्हाही याच वाटेने पाहतात.

आता भयाचा हिशेब. यासंबंधी जुना आणि मोठा पाहणी-अहवाल युरोपातील पंधरा केंद्रांचा आहे. तो १९९१ साली प्रसिद्ध झाला. एकंदर १०,४१९ तपासण्या. त्यांपैकी २०१ रुग्णांत नळी आत गेलीच नाही, आणि याचे कारण बहुतेकांत रुग्णाचे असहकार्य किंवा डॉक्टरांचा कमी अनुभव हे होते. उरलेल्यांपैकी ९० तपासण्या मध्येच थांबवाव्या लागल्या. त्या ९० मध्ये ६५ जणांना नळी केवळ सोसवली नाही. मृत्यू एक झाला. त्या रुग्णाच्या फुप्फुसात कर्करोगाची गाठ होती, ती अन्ननलिकेत पसरली होती आणि तेथून रक्तस्राव झाला. अमेरिकेत बॉस्टनच्या एका रुग्णालयाचा २००१ सालचा अहवालही मी पाहिला. त्यात हृदयशस्त्रक्रिया चालू असता भूल दिलेल्या ७,२०० रुग्णांत ही नळी घातली होती. त्यात या नळीमुळे मृत्यू एकही नाही. अन्ननलिकेस छिद्र पडणे दहा हजारांत एक या प्रमाणात. ही नळी जठराच्या दुर्बिणीसारखीच, करंगळीएवढी जाड आणि लवचीक असते. टोक तापू लागले तर यंत्र आपोआप बंद होते. फुगा किंवा झडप बसवण्याच्या लांबलचक क्रियेत ती तास-दोन तास आत ठेवून हलवावी लागते, तेव्हा इजेचे प्रमाण वाढते, हेही मी लपवीत नाही. दहापंधरा मिनिटांच्या साध्या तपासणीचा आणि तिचा हिशेब एक करू नये.

त्या एका मृत्यूवर मी पुष्कळ विचार केला. अपाय झाला तो अन्ननलिका आधीच रोगी होती म्हणून. तेव्हा सुरक्षिततेचा एक मोठा भाग रुग्णाच्या स्वतःच्या सांगण्यावर आहे. घास गिळताना अडकतो काय? कधी रक्ताची उलटी झाली काय? यकृताचा विकार आहे काय? (त्यात अन्ननलिकेच्या शिरा फुगतात.) गळ्याचे, अन्ननलिकेचे वा जठराचे ऑपरेशन झाले आहे काय, गळ्यावर किरणांचे उपचार झाले आहेत काय? मान वळत नाही काय? कोणत्या औषधाची ॲलर्जी आहे? रक्त पातळ होण्याच्या गोळ्या चालू आहेत काय? कवळी किंवा हलणारा दात आहे काय? डॉक्टर हे विचारतात. पण आपली माणसे, विशेषतः आपल्या स्त्रिया, "काही नाही हो" म्हणून मोकळ्या होतात. आमच्या पत्नीचे पुढचे दोन दात बसवलेले आहेत, ही गोष्ट तिने लाजेने सांगितली नव्हती. ती परिचारिकेच्या नजरेस आली म्हणून बरे.

आणि येथेच माझी चूक सांगावयाची आहे. आदल्या रात्री बारानंतर पोटात काही जाऊ नये, अशी सूचना होती. रक्तदाबाची गोळी घोटभर पाण्याबरोबर घ्यावयाची, तेवढीच मोकळीक. आम्ही दादरला नातलगांकडे उतरलो होतो. सकाळी सात वाजता ती फार मलूल दिसली. गाडीचा प्रवास, रात्रीचे जागरण. मला राहवले नाही. मी तिला अर्धा कप दुधाचा चहा आणि दोन बिस्किटे दिली आणि म्हटले, "एवढ्याने काय होते!" दहा वाजता डॉक्टरीणबाईंनी विचारले, "काकू, सकाळपासून काही खाल्लंप्यायलं नाही ना?" पत्नीने माझ्याकडे पाहिले. मी म्हणालो, "नाही." चाळीसएक वर्षे मुलांना खरे बोलावे म्हणून शिकवणाऱ्या तोंडातून हे उत्तर गेले! कारण उघड होते. खरे सांगितले तर दिवस फुकट जाईल, नातलगांकडे आणखी एक मुक्काम पडेल. तिला आत नेत असता मात्र माझे पाय लटपटू लागले आणि मी दाराशी जाऊन सर्व सांगून टाकले.

त्या रागावल्या नाहीत. एवढेच म्हणाल्या, "गुरुजी, घशाला बधिर करणारा फवारा मारतो, झोपेचं इंजेक्शन देतो. त्यात उलटी झाली तर पोटातलं फुप्फुसात जातं. नळीपेक्षा त्याची भीती आम्हांला जास्त." तपासणी दुसऱ्या दिवसावर गेली. नातलगांनी कपाळाला आठी घातली नाही. उलट रात्री साडेआठलाच पाने वाढली.

दुसऱ्या दिवशी काय झाले ते तिच्याच सांगण्यावरून सांगतो. मी बाहेर बाकावर होतो. घशात कडवट फवारा मारला, तेव्हा जीभ आणि टाळू आपली नाहीतशी वाटू लागली. डाव्या कुशीवर निजवले, बोटाला प्राणवायू मोजण्याचा चिमटा लावला, दंडाला रक्तदाबाचा पट्टा. दातांमध्ये प्लास्टिकचे कडे दिले. हातातील सुईतून औषध दिले आणि "गिळा, काकू" म्हणाले. दोनदा ओकारी आल्यासारखे झाले, डोळ्यांतून पाणी आले, मग नळी खाली गेली आणि पुढचे तिला अंधुक आठवते. श्वासाची वाट निराळी असते, नळी असतानाही नाकाने श्वास चालतो, हे तिला आधी कोणी सांगितले असते तर ती इतकी घाबरली नसती. म्हणून आपणांस मुद्दाम सांगतो. पंधरा मिनिटांत संपले. घशाचा बधिरपणा जाईपर्यंत, सुमारे दोन तास, पाणीही दिले नाही, कारण त्या अवस्थेत घोट श्वासनलिकेत जाऊ शकतो. एक दिवस घसा दुखला. इतकेच.

आणि त्या पंधरा मिनिटांत गुठळी दिसली. कर्णिकेच्या त्या खिशात, छातीवरून कधीच न दिसलेली.

बंधुभगिनींनो, ती गुठळी आम्ही दवडलेल्या चार महिन्यांत झाली की आधीपासून होती, हे कोणासही सांगता येणार नाही. रात्री जाग आली की तो प्रश्न मला अजून पडतो. फुग्याची तारीख अर्थातच रद्द झाली. रक्त पातळ करणारी गोळी सुरू झाली. तिचा परिणाम मोजण्यासाठी वरचेवर रक्त तपासावे लागे, आणि पालेभाजी एक दिवस भरपूर, एक दिवस मुळीच नाही, असे चालत नसे. हे पथ्य आमच्या घरी कठीणच गेले, कारण माठ आणि मुळ्याचा पाला आमच्या परसातच. तीन महिन्यांनी पुन्हा तीच तपासणी. या वेळी पत्नी स्वतःच म्हणाली, "अहो, चहा विचारू नका हं." खिसा स्वच्छ होता. फुग्याने झडप रुंद केली, चौथ्या दिवशी आम्ही रेल्वेने परत आलो. गोळी आणि रक्ताची तपासणी आजही चालू आहे. डोंगराची प्रदक्षिणा ती आता पुरी करते, मात्र मध्ये एकदा बसून.

आणखी दोन गोष्टी व्यवहाराच्या. तपासणीनंतर त्या दिवशी रुग्णाने वाहन चालवू नये आणि एकट्याने परत येऊ नये; गुंगी उतरली असे वाटते तेव्हाही ती थोडी शिल्लक असते. घसा किंचित दुखणे ही नित्याची गोष्ट. परंतु छातीत किंवा मानेत तीव्र कळ, मानेवर सूज, ताप, गिळता न येणे, रक्ताची उलटी यांपैकी काही झाले तर उद्या पाहू म्हणू नये, त्याच क्षणी रुग्णालय गाठावे. अन्ननलिकेची इजा लवकर ध्यानात आली तर उपाय असतो. उशीर झाला तर ती फार अवघड होते. दुसरे, खर्चाचे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत हृदयाच्या कित्येक उपचारांचा समावेश आहे. आपल्या दुखण्याचा त्यात समावेश आहे किंवा नाही, हे योजनेतील रुग्णालयात बसणाऱ्या आरोग्यमित्रास आधी विचारावे. शिधापत्रिका बरोबर न्यावी. आम्ही ती घरी विसरलो होतो आणि ती आणण्यासाठी पुतण्यास रात्रीच्या गाडीने धाडावे लागले.

जे गृहस्थ दारातून परत फिरले, ते आज या मंडपात आहेत की नाहीत मला ठाऊक नाही, आणि असल्यास त्यांनी हात वर करावा असे मी म्हणणार नाही. मीही चार महिने त्याच दारात उभा होतो. त्यांना किंवा आणखी कोणाला ही तपासणी सांगितली असेल तर त्यांनी घरातील बाईमाणसासह आमच्याकडे यावे. नळी गळ्यातून उतरताना कसे वाटते, हे माझ्यापेक्षा माझी पत्नी चांगले सांगते. दुपारी चारनंतर आम्ही दोघेही घरीच असतो.